पाण्यातलं औषध

३ ऑक्टोबर १९९३

खताच्या दुकानातून जानेवारीत मिळालेली ही डायरी कोरीच पडून होती. पहिल्या पानावर नाव लिहायला जागा होती, तिथे आज लिहिलं, आशालता काशिराम घरत, पळस्पे. आता रोज लिहायचं असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

आज पिल्लं उतरली. ही आमची तिसरी बॅच. टेंपोवाल्याने खोकी शेडच्या दारात लावली आणि चिवचिवाटाने कान भरून गेले. रविवार असल्यामुळे मिताली सकाळपासून तिथेच होती. एकेक पिल्लू हातात घेऊन चोच पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी पिणं कळतं. हे काम तिला माझ्यापेक्षा छान जमतं.

ह्यांनी गोदीतली नोकरी सोडली तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. खालची जमीन रस्त्यात गेली, वरचा हा पट्टा उरला, त्यावर शेड घातली. पहिल्या बॅचला मर लागली तेव्हा हे जेवणाच्या ताटावरून उठून गेले होते. दुसरी बरी गेली. त्या बॅचपासून औषधवाल्याने सांगितल्याप्रमाणे पिवळी पावडर पहिल्या दिवसापासून पाण्यात घालतो. पक्षी आजारी असो नसो, घालायचीच. रोग येत नाही आणि वजनही धरतं म्हणाला. खरंच धरलं.

९ ऑक्टोबर

थोडी पिल्लं शिंकतायत. ह्यांचा चेहरा लगेच उतरतो. पावडर वाढवली. टाकीवर चढून मीच हाताने ढवळते, काठीने गाठी राहतात. कोपरापर्यंत पिवळं होतं आणि साबणाने लवकर जात नाही.

अशक्त पिल्लं मितालीने खोक्यात घालून स्वयंपाकघरात आणली आहेत. वर बल्ब लावलाय. डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरने त्यांना पावडरचं पाणी पाजते. पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यापासून दिसेल ते वाचत सुटते. पावडरच्या पाकिटावरचं एकेक अक्षर लावत बसली होती, "टे-ट्रा-सा-य-क्लिन. आई, स्पेलिंग बघ केवढं मोठं."

मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, हात धू आणि जेवायला बस. तिने हात फ्रॉकला पुसले.

२४ ऑक्टोबर

दसरा. शेडला तोरण बांधलं. पक्षी जोमात आहेत. मागच्या बॅचचं खत खालच्या भाजीवाल्यांनी उचललं.

खालच्या वाडीतली भामा शेडच्या कामाला येते, तिला नवं लुगडं दिलं. तिची दिपी दीड-दोन वर्षांची असेल, तीही बरोबर असते. तिला सारखे जुलाब होतात. सरकारी दवाखान्यातलं औषध झालं, पण गुण नाही म्हणाली. "दात येताना असंच असतं," मी म्हटलं.

२ नोव्हेंबर

मितालीला ताप. डोकं दुखतंय म्हणते. क्रोसिन दिली.

५ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. सकाळी थोडा कमी, दुपारनंतर वाढतो आणि रोज कालच्यापेक्षा जास्त. जीभ पांढरी. नाक्यावरच्या डॉक्टरांनी अँपिसिलिन दिलं होतं, त्याने काहीच फरक नाही. माझं कशात लक्ष लागत नाही. हे म्हणतात, वारा बदललाय, सगळीकडे ताप हाय. पण आज त्यांनीही तिच्या कपाळाला हात लावून लगेच काढला.

८ नोव्हेंबर

नवीन पनवेलला डॉ. वसुंधरा ओगल्यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे, वर चार-सहा खाटा. तिथे ठेवून घेतलं. बाईंनी पोट दाबून पाहिलं, मिताली कण्हली. "टायफॉइड वाटतोय," म्हणाल्या. रक्त तपासायला पनवेलला एक आणि मुंबईला त्यांची मैत्रीण मोठ्या प्रयोगशाळेत आहे तिच्याकडे एक, असं दोन ठिकाणी पाठवलं. मुंबईला रक्तातले जंतू वाढवून बघतात, त्याला वेळ लागतो.

"घाबरू नका. टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल चाळीस वर्षं चालतंय. चार-पाच दिवसांत ताप उतरेल."

मी ते वाक्य धरून बसले आहे.

११ नोव्हेंबर

उतरला नाही. बाईंनी सल्फाच्या गोळ्या जोडीला दिल्या. मितालीला पाणीही नकोसं झालंय. ओठ फुटलेत.

पनवेलचा रिपोर्ट आला, टायफॉइडच. बाई म्हणाल्या की हा रोग पोटातून पोटात जातो, कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. आमच्याकडे बाहेरचं माणूस येतं कोण? भामाच. आणि तिचं ते सारखं जुलाब होणारं पोर आमच्या ओट्यावर बसलेलं असतं.

दुपारी घरी जाऊन तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

ती तूस पसरत होती. हातातलं घमेलं खाली ठेवून विचारलं, "आमचं काय चुकलं, वयनी?"

"तुझ्या पोरीचं पोट बिघडलेलं असतं. माझी पोरगी दवाखान्यात पडली आहे."

तिने पदराला हात पुसले. दिपीला कडेवर घेऊन बांधावरून खाली गेली. ती गेल्यावर मी तिचा चहाचा कप फेकून दिला, सगळी भांडी उकळली. हांडे, तवा, चमचे, सगळं. पिल्लांचं खोकं ठेवत होतो ती जागा तेवढी तशीच राहिली, हात दुखून आले.

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. खाली रस्त्यावर पोरं फटाके वाजवतायत आणि प्रत्येक आवाजाला मिताली दचकते. दुपारपासून बडबडते आहे. एकदा म्हणाली, "आई, खोक्यातली पिल्लं माझ्या पोटात गेली, त्यांना काढ ना." मी म्हटलं काढते. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखलं असं वाटलं नाही.

हे डबा घेऊन आले. डबा तसाच परत गेला.

१६ नोव्हेंबर

मुंबईचा कागद आला. बाईंनी आम्हाला आत बोलावून दार लावलं.

"जंतू टायफॉइडचाच आहे. पण त्याच्यावर क्लोरॅम चालत नाही. अँपिसिलिन चालत नाही. सल्फा चालत नाही. टेट्रासायक्लिनसुद्धा नाही, जे आपण तिला दिलंही नव्हतं." बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आठ दिवस मी तिला जे देत होते त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मुंबईत अशा केसेस येतायत हे ऐकून होते. माझ्याकडे ही पहिली."

ह्यांनी विचारलं, "एका जंतूला एवढी सगळी औषधं पचवाया कुणी शिकवलं?"

बाईंनी पेन उचललं. मग कोऱ्या कागदावर दोन लांबट गोळे काढले. म्हणाल्या, आपल्या आतड्यात करोडो जंतू कायम राहतात. आपले नेहमीचेच, काही त्रास न देणारे. औषध पोटात गेलं की त्यातले बरेच मरतात, एखाद्याला मात्र त्या औषधापासून वाचायची युक्ती माहीत असते. ती युक्ती त्याच्या आत एका छोट्या कड्यावर लिहिलेली असते. इतपत मला समजलं. पुढचं ऐकून अंगावर काटा आला. तो जंतू शेजारच्या जंतूला दोऱ्यासारखी एक नळी लावतो आणि त्या कड्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. त्याचं कडं त्याच्याकडे राहतंच. शेजारी त्याच जातीचा असावा लागत नाही. साधा जंतू टायफॉइडच्या जंतूला देऊ शकतो.

"आणि एका कड्यावर एकच युक्ती असते असं नाही," बाई म्हणाल्या. "चार-चार असतात. एकदा नळी लागली की चारही एकदम मिळतात. कुठलंही एक औषध पोटात गेलं की ज्याच्याकडे कडं आहे तो उरतो. म्हणजे बाकीच्या तीन युक्त्याही उरतात."

"हे तिच्या पोटात झालं?" मी विचारलं.

"तिच्या पोटात झालं असेल किंवा आधीच्या कुणाच्या. ते मला सांगता येणार नाही. तिने आधी कुठली औषधं घेतली होती?"

मी खूप आठवलं. गेल्या वर्षी कान दुखला तेव्हा एकदा. बस. आमच्या घरात गोळ्या खायची सवयच नाही, तसं मी सांगितलं. बाईंनी मान हलवली.

ते दोन गोळे आणि मधली रेघ डोळ्यांपुढून जात नाही. मितालीच्या पोटावर हात ठेवून बसले की वाटतं, ह्या हाताखाली आत्ता ते चाललंय.

१७ नोव्हेंबर

आज सकाळी मितालीला शौचाला काळं झालं, मग लाल. बेडपॅन माझ्या हातात होतं. नर्सने ते घेतलं आणि धावत गेली.

आतड्याला पडलेल्या जखमेतून रक्त जातंय. ह्यांचं रक्त जुळलं, ते लगेच दिलं. बाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखा नव्हता.

"दोन रस्ते आहेत. एक इंजेक्शन आहे, ते इथे मिळत नाही, मुंबईहून मागवलंय, पण कधी हातात येईल सांगता येत नाही. दुसरी सिप्रोची गोळी. नवीन आहे, इथल्या दुकानात आहे, आणि ह्या जंतूवर चालते असं रिपोर्टमध्ये आहे."

"मग द्या ना," हे म्हणाले.

"लहान मुलांना देत नाहीत. कुत्र्यांच्या पिल्लांना देऊन पाहिली तेव्हा त्यांचे सांधे बिघडले होते. माणसांच्या मुलांचं तसं होतं का, नक्की कुणाला माहीत नाही. मी आजवर एकाही मुलाला दिलेली नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटते आहे. पण वाट बघायची तर आतडं फुटेल, त्याची मला जास्त भीती वाटते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, जणू मला सगळं माहीत आहे. मला मिताली दसऱ्याला दोरीवरच्या उड्या मारत होती ते दिसलं. गुडघे, घोटे. मी म्हटलं, "द्या. लंगडी झाली तरी चालेल."

बोलून झाल्यावर कळलं मी काय बोलले ते.

१८ नोव्हेंबर

ताप तसाच. रक्त थांबलेलं नाही, पण कमी.

१९ नोव्हेंबर

बाईंनी घरातल्या सगळ्यांच्या आणि शेडवर काम करणाऱ्यांच्या शौचाच्या बाटल्या मागितल्या आहेत. कुणाच्या पोटात टायफॉइड लपून बसलाय का बघायचं आहे. म्हणजे भामाची पण हवी.

वाडीवर गेले. उन्हात उभी राहिले. भामा लाकडं फोडत होती, थांबली नाही. मी कसंबसं सांगितलं. बाटली देताना वाटलं, ही आता ओढ्यात भिरकावेल.

"पोरगी कशी हाय?" तिने विचारलं.

"रक्त जातंय."

तिने कुऱ्हाड ठेवली. बाटली घेतली आणि म्हणाली, "सकाळी आनून देतो. दिपीची पन देऊ काय? तिचं अजून थांबत नाय."

मी हो म्हटलं. तिच्या दारात दिपी बसली होती. पोट पुढे आणि पाय काड्यांसारखे. आमच्या ओट्यावर इतके दिवस बसायची, पण मी तिला नीट बघितलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर

ताप एकशे तीन. ह्यांनी शेडमध्ये पावडर परत वाढवली आहे. विकायला आलेल्या पक्ष्यांत मर लागली तर सगळंच जाईल म्हणतात. मला शेडचं नावही नको झालंय. बाजारात पक्षी गेले की मोकळे होऊ.

सिप्रोही चालली नाही तर काय, हे कुणी बोलत नाही. आज धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "इंजेक्शन येतंय." त्यानंतर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. 

२२ नोव्हेंबर

दुपारी मितालीच्या मानेखाली हात घातला तर ओला. घाम. मी नर्सला हाक मारली आणि हाक मारताच रडू फुटलं, ती बिचारी भलतंच समजून पळत आली. थर्मामीटर लावलं. शंभर.

"आई, भूक लागली," असं मिताली म्हणाली. एवढंच.

मुंबईचं इंजेक्शन संध्याकाळी पोचलं. ते फ्रीजमध्ये ठेवलंय. लागू नये.

२८ नोव्हेंबर

घरी. चालताना भिंत धरते. मी तिच्या गुडघ्यांकडे चोरून बघते. तिने पकडलं, म्हणाली, "काय बघतेस सारखी?" गोळ्या ठरलेल्या सगळ्या द्यायच्या, एकही मागे ठेवायची नाही, असं बाईंनी बजावलंय. ठेवणार नाही.

पक्षी गेले. वजन चांगलं भरलं. शेड रिकामी झाल्यावर हे दारात बराच वेळ उभे होते.

३ डिसेंबर

बाईंनी बोलावलं होतं. बाटल्यांचा निकाल आला. कुणाच्याच पोटात टायफॉइड नाही. भामाच्याही नाही, दिपीच्याही नाही.

"मग तो कुठून आला?"

"बाहेरून कुठूनही. भेळ, बर्फाचा गोळा, शाळेतलं पाणी. ते आता कळायचं नाही. पण माझ्या मैत्रिणीने आपणहून आणखी एक गोष्ट बघितली." बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या पोटातले नेहमीचे, साधे जंतू आहेत ना, त्यांच्यावर तिने तीच चार औषधं लावली. एकही चालत नाही. तुमच्यात, घरतांच्यात, भामामध्ये, तिच्या मुलीत. चौघांतही तेच."

मला वाटलं मी काही चुकीचं ऐकलं. "मी तर चांगली आहे. मला काही होत नाही."

"होणार नाहीच. ते जंतू निरुपद्रवी आहेत. नुसतं कडं बाळगून बसलेत. मितालीचा टायफॉइड आला तेव्हा बहुधा साधाच आला असेल आणि आतड्यात त्याला हे भेटले असतील. बहुधा म्हणते आहे. सिद्ध करता येणार नाही." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला एकच कोडं आहे. तुम्ही गोळ्या खात नाही म्हणता. मग हे चौघांच्या पोटात टिकून कसं राहिलं?"

मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

रिक्षात बसल्यावर पोटाला हात लावायची भीती वाटली. माझंच पोट. इतके दिवस भामाच्या हाताला भ्यायले आणि तेच माझ्या आत घेऊन मी तिच्या पाटीत भाकरी टाकत होते.

४ डिसेंबर

वाडीवर गेले. भामाला म्हटलं, तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. मी चुकले.

ती म्हणाली, "तवा तुमची पोर मराया टेकली होती, वयनी. मी पन तसंच बोलले असते." मग जरा वेळाने, "पन कप फेकलात ते मला कळलं."

मी मान वर केली नाही. सोमवारपासून येते म्हणाली. दिपीला घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी तिला एकही औषध दिलं नाही, मीठ-साखरेचं पाणी आणि भाताची पेज सांगितली. भामाला ते पटलं नाही. मलाही नाही.

१७ डिसेंबर

दिपीचे जुलाब थांबलेत. शेड रिकामी आहे, घरात शांत आहे. मिताली शाळेत जाऊ लागली. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

२७ डिसेंबर

नवी बॅच उतरली. मितालीला शेडमध्ये येऊ देत नाही, अशक्तपणा आहे अजून. दारातून बघते.

७ जानेवारी १९९४

पिल्लं परत शिंकतायत. पावडर दुप्पट केली तरी मर थांबत नाही. सकाळी भामा आणि मी मेलेली पाटीभर उचलतो. हे कुणाशी धड बोलत नाहीत. औषधवाला येऊन बघून गेला. पावडर आता लागू होत नाही म्हणाला, दुसरं काहीतरी आणून देतो.

९ जानेवारी

औषधवाला नवीन बाटली देऊन गेला. पातळ औषध आहे, पाण्यात लगेच मिसळतं, हात पिवळे होत नाहीत. हे खुशीत होते. "इचारलं मी त्याला नीट," म्हणाले. "आपल्या मितूच्या सिप्रोच्याच जातीचं हाय. बाजारात आत्ताच आलंय. ह्याच्यापुढे रोग टिकायचा नाय."

ऐकून मला बरं वाटलं. ज्याने माझी पोर वाचली ते आहे म्हटल्यावर विश्वास वाटणारच. मिताली तर शाळेत सांगत सुटणार.

आज मर कमी.

११ जानेवारी



मितालीला तपासायला बाईंकडे नेलं होतं. गुडघे वाकवून बघितले, घोटे बघितले, जिन्यावरून चढ-उतर करायला लावलं. सगळं छान. वजन वाढलंय. बाई हसत कागदावर लिहीत होत्या आणि मिताली खुर्चीत पाय हलवत म्हणाली, "डॉक्टर, माझ्या गोळीचं औषध आता आमच्या कोंबड्यांना पण देतात."

बाईंचं लिहिणं थांबलं. "काय म्हणालीस?"

मी सांगितलं, की पिल्लांना रोग आलाय म्हणून.

"तुमची पोल्ट्री आहे ते माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. अगदी हळू. "ह्याच्या आधी काय देत होता?"

"पिवळी पावडर. टेट्रासायक्लिन."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून. प्रत्येक बॅचला."

"आजारी पडल्यावर?"

"नाही. रोजच. पाण्यातून."

बाई उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "मी तुम्हाला सगळं विचारलं. तिने काय खाल्लं, काय प्यायली, कुठल्या गोळ्या घेतल्या. कोंबड्यांचं विचारायचं मला सुचलंच नाही. आशाताई, कोंबडीलाही आतडं असतं. तिथेही हेच चालतं, नळी आणि कडं. आणि तुमची शेड म्हणजे तशी हजारो आतडी, रोज औषध पिणारी. तिथून ते तुमच्या हाताला लागतं, भाकरीत येतं."

मला मिताली दिसली. ड्रॉपर घेऊन बसलेली, हात फ्रॉकला पुसणारी.

"आणि आता सिप्रोच्या जातीचं," बाई म्हणाल्या. "ती गोळी तुमच्या घरात चालेनाशी झाली, तर पुढच्या वेळी माझ्याकडे द्यायला काय आहे? ते बंद करा. आजच. बाकीचं मी येऊन बघते, मग बोलू." तेवढ्यात खाली कुणीतरी फिट आलेलं मूल घेऊन आलं आणि त्या पळाल्या.

रिक्षा घरापर्यंत पोचेतो माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे खाद्य आणायला पनवेलला गेले होते. त्यांची वाट बघितली नाही. मितालीला घरात बसवलं, शेडवर गेले, टाकीवर चढले. सकाळीच भरलेली, काठोकाठ. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. वास नाही, रंग नाही. खालचा मोठा नळ पूर्ण सोडला. बाटलीत उरलेलं होतं तेही ओतलं. पावडरची पाकिटं फोडून तीही त्याच धारेत रिकामी केली, पुन्हा कुणाच्या हाताला लागायला नको. पाणी पिवळं होऊन बांधावरून घसरत खालच्या ओढ्याला मिळालं. शेवटचा थेंब जाईपर्यंत उभी राहिले.

हे आले. रिकामी टाकी बघितली, मला बघितलं. मी बाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं. मधेच ते खाली बसले.

"पक्षी मरतील," म्हणाले.

"मरू देत."

 मग उठून रिकामी बाटली उचलली आणि म्हणाले, "माझ्यानं झालं नसतं. तू केलंस ते बरं केलंस."

१२ जानेवारी

रात्रभर गाढ झोपले. नोव्हेंबरपासून छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उतरल्यासारखं वाटतंय. काही पक्षी मेले, पण घरात ते औषध आता थेंबभरही नाही.

सकाळी भामा कामाला आली, दिपी कडेवर. पोरगी गुबगुबीत दिसायला लागली आहे.

"काल वरून पानी सोडलात काय, वयनी?" भामा म्हणाली. "बरं जालं. ओढा पार आटला होता. वाडीतल्या सगळ्या बायांनी हांडे भरले. दिपीला पन त्यातच बसवली, लय खेळली, पितच होती."

मी हसले. म्हटलं, चला, निदान पाणी तरी वाया गेलं नाही.